काट्यावरची टेक्स्ट फाइल एक्सएसएलटीने एक्सएमएलमध्ये नेताना

भाऊ, तुमचा प्रश्न असा : रावेरच्या केळी काट्यावरून रोज शेतकरी, गाव, वजन, भाव अशी उभ्या रेघांनी तोडलेली टेक्स्ट फाइल येते, ती एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूप बदलणारी भाषा) थेट एक्सएमएल (खुणांमध्ये माहिती बांधलेली फाइल) करता येईल का? येईल. मूळ फाइल एक्सएमएलच हवी, ही अडचण एक्सएसएलटीच्या १.० आवृत्तीची. २००७ च्या २.० मध्ये 'अनपार्स्ड-टेक्स्ट' हे फंक्शन आलं, ते साधी फाइल जशीच्या तशी वाचतं. फक्त ब्राउझर आणि 'एक्सएसएलटीप्रोक' (कमांडवरून एक्सएसएलटी चालवणारं साधन) अजून १.० वरच आहेत, त्यांच्याशी झगडू नका. सॅक्सन या एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रामची मोफत एचई आवृत्ती घ्या. मूळ एक्सएमएल नसल्यामुळे स्टाइलशीटमधल्या (एक्सएसएलटीत लिहिलेल्या प्रोग्राममधल्या) सुरुवातीच्या टेम्प्लेटचं, म्हणजे पहिल्या चालणाऱ्या तुकड्याचं, नाव कमांडमध्येच द्यावं लागतं.

ओळी '\र?\न' (ओळ संपल्याची खूण) ने तोडा, म्हणजे विंडोजची फाइलही चालते (र आणि न इंग्रजीत टाइप करा). शेवटची रिकामी ओळ गाळा. मग प्रत्येक ओळीवर 'टोकनाइझ' (मजकूर तोडून तुकडे करणारं फंक्शन) चालवा. पण रेघ नुसती देऊ नका, तिच्याआधी उलटा तिरपा (\) लावा. 'टोकनाइझ' च्या नमुन्यात नुसती रेघ म्हणजे 'हे किंवा ते', आणि दोन्ही बाजूंना काहीच नसल्याने थेट एरर येते.

स्वल्पविरामाच्या फाइलीत मात्र 'टोकनाइझ' दगा देतं. एका जिनिंगच्या कापूस खरेदीची फाइल मी तशीच तोडली होती. एका पत्त्यात अवतरणचिन्हांत "शिंदखेडा, जि. धुळे" होतं. तिथून पुढचे रकाने एकेक घर सरकले, वजन भावाच्या जागी गेलं, आणि एरर एकही नाही! बेरीज जुळेना तेव्हा कळलं. तिथे 'अनालाइझ-स्ट्रिंग' (नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधणारी सूचना) वापरा : ओळीच्या शेवटी एक जादा स्वल्पविराम जोडा आणि 'अवतरणातला मजकूर, किंवा स्वल्पविराम नसलेला मजकूर, आणि त्यानंतर स्वल्पविराम' असा नमुना शोधा. त्या जादा स्वल्पविरामामुळे रिकामे रकानेही गळत नाहीत. बाहेरची अवतरणं नंतर काढा. आणि रकाने मोजा. संख्या चुकली की 'एक्सएसएल:मेसेज' ने टर्मिनेट करून काम तिथेच थांबवा. उभ्या रेघांच्या फाइलीलाही हे लावाच.

राहिली शेतकऱ्यांची नावं. फाइल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवण्याची पद्धत) असेल तर 'अनपार्स्ड-टेक्स्ट' ला तसं सांगा, झालं. पण नावं जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली असतील, तर फाइलीत खरी इंग्रजी अक्षरंच आहेत. एन्कोडिंग कितीही बदला, एक्सएमएलमध्ये तीच येणार. ती आधी फाँट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मगच स्टाइलशीट चालवा.