संचालक मंडळाच्या पहिल्या बैठकीपूर्वी

आपण विकास सोसायटीवर नव्याने निवडून आला आहात, म्हणून तासगाव भागातील अशाच एका सोसायटीत बरीच वर्षे संचालक राहिल्यावर उमगलेली एक गोष्ट आवर्जून सांगतो. चेअरमननी आधी मत मांडले की उरलेल्या माना आपोआप डोलू लागतात. एका द्राक्षबागेच्या कर्जप्रकरणाला मनातून विरोध असूनही मी तशीच सही केली होती, आणि पुढे ते कर्ज थकले तेव्हा कळले की आणखी तिघांना तीच शंका होती.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत कोणती रेषा दिलेल्या रेषेएवढी लांब आहे एवढेच सांगायचे होते, आणि ते डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. तरीही सोबत बसवलेले सगळे आधी ठरवल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत असल्यामुळे, ज्यांची परीक्षा होती त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी तेच उत्तर दिले. मात्र सोबतच्यांपैकी एकच जण खरे बोलला की हे दडपण झपाट्याने ओसरत असे, आणि माझ्या मते त्या प्रयोगातला हाच भाग अधिक मोलाचा आहे. म्हणून कर्जप्रकरणांचे कागद बैठकीपूर्वी वाचून आपले मत स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, चेअरमनना शेवटी बोलण्याची विनंती करा (नम्रपणे विचारले तर ज्येष्ठ मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत), आणि तरीही ठराव पटला नाही तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या.