प्रश्न तुमचे : परसातल्या कोंबड्या

प्रश्न : चार गावठी आणि आठ गिरिराज (सुधारित जातीच्या) कोंबड्या आहेत. दिवाळीपर्यंत रोज सात-आठ अंडी मिळत, आता जेमतेम दोन. खुराड्यात पिसंच पिसं. खायला तांदळाची कणी आणि कोंडा. हा रोग तर नाही? (वाचक, संगमेश्वर)

उत्तर : कोंबड्या नीट खात-पीत असतील तर रोगाची शंका नको. पिसं झडायचा काळ आहे. नवी पिसं यायला प्रथिनं लागतात, मग अंडी थांबतात. हा खंड दोन-तीन महिन्यांचा असतो. त्यातच डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा, आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड हवा. नवी पिसं भरली की पहाटे ४ पासून उजाडेपर्यंत खुराड्यात एक साधा बल्ब लावा. संध्याकाळी लावू नका. तो अचानक विझला की अंधारात कोंबड्यांना दांडीवर चढता येत नाही, खालीच कोंडाळं करून बसतात.

कोण अंडी देतंय हे रात्री हाताने पाहता येतं. शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली आणि मलद्वार ओलसर, रुंद असलं तर ती अंड्यावर आहे. एकच बोट मावत असेल तर नाही. हाडं सगळ्यांची रुंद आणि अंडी दोनच, तर चोरी घरातलीच समजा, कोंबड्याच लपून अंडी घालताहेत: गवताच्या गंजीत शोधा, नाहीतर दोन दिवस सकाळी ११ पर्यंत कोंडून ठेवा.

खरी उणीव खाण्यात आहे. कणीत प्रथिनं आठ टक्क्यांच्या आसपास, गरज सोळाची. १० किलोचं मिश्रण असं करा : मक्याचा भरडा ५ किलो, सोयापेंड २.२, राइस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) १.८, शिंपल्याचा चुरा ८०० ग्रॅम, कोंबड्यांचं (गुरांचं नव्हे) खनिज मिश्रण २०० ग्रॅम, वर ३० ग्रॅम मीठ. कोंडून ठेवलेल्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम, मोकळ्या फिरणारीला निम्मं पुरतं. बुरशी धरलेला मका धुऊन-वाळवूनही वापरू नका, विष त्यात राहतंच. हे मिश्रण पिल्लांना घालू नका. एवढ्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

प्रश्न : पाण्यातून लस दिली, तरी मानमोडीने निम्म्या गेल्या. लस खोटी होती का? (वाचक, कराड)

उत्तर : बहुतेक वेळा लस खोटी नसते, मेलेली असते. पाण्यातून देतात ती मानमोडीची लासोटा ही जिवंत लस आहे. बर्फाविना पिशवीतून आणली किंवा नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात कालवली की संपली. विहिरीचं गार पाणी घ्या, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला, आधी दोन तास पाणी तोडा आणि कालवलेलं पाणी दोन तासांत संपवा. पिल्लांना पहिली मात्रा ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात थेंबाने, दुसरी २८ व्या दिवशी, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस टोचून. कुपी बहुधा शंभर मात्रांची असते, उघडली की साठवता येत नाही. म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी लस घ्यावी, हेच परवडतं. आजारी पक्ष्यांना लस देऊ नका.

पटापट मरू लागल्या तर मात्र घरीच निदान करत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूची लक्षणं अशीच दिसतात. देशात तो पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्याच नवापूरला. मेलेले पक्षी ओढ्यात टाकायचे नाहीत; डॉक्टर सांगतील तसे खोल खड्ड्यात, चुना घालून पुरा.

प्रश्न : अंड्यांसाठी कोंबडा लागतोच का? (वाचक, पनवेल)

उत्तर : खायच्या अंड्यांसाठी मुळीच नाही. पिल्लं हवी असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक; उरलेले नर कापायला मोकळे. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत (अंडी उबवायला बसत नाहीत), त्यांची अंडी खुडूक गावठीखाली घाला, दहा-बारा पुरे. सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहा : लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, काचेसारखं स्वच्छ असलं तर काढून टाका. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका, २१ व्या दिवशी पिल्लं बाहेर येतात.