मुंबईत राहून जुनी स्विफ्ट हौशी मोटरस्पोर्टसाठी तयार करायची आहे. आधी काय बदलावं?

इंजिनाला सध्या हात लावू नका. पहिला खर्च ब्रेकवर: चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ब्रेक ऑइल. हे ऑइल ओलावा शोषतं, आणि आपल्या दमट हवेत तर विचारूच नका. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. मग ऐन वळणावर ऑइल उकळतं, पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही. त्यानंतर टायर, मग सस्पेन्शन. एक्झॉस्टच्या आवाजाने गाडी पळत नाही, सोसायटीत भांडणं मात्र होतात.

स्विफ्ट निवडलीत हे बरं, हलकी आहे आणि पार्ट कुठेही मिळतात. पण रोज ऑफिसलाही तीच नेणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा; कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. नेहमीच्या विम्यात रेसिंगमधलं नुकसान धरत नाहीत, तेही लक्षात ठेवा.

कायमचे रेस ट्रॅक बहुतेक लांब, चेन्नई, कोइम्बतूरकडे. म्हणून सुरुवात टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे वेळ-वेग-अंतर) रॅलीने करा. तिथे जोरात पळवण्यापेक्षा ठरलेला सरासरी वेग राखणं आणि शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरचं गणित महत्त्वाचं, आणि गाडी आहे तशी चालते.