फतवा काढत नाहीत, मागतात

फोंड्याहून एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: 'कचऱ्याबाबत पंचायतीचा नवा फतवा' असा मथळा वाचला. हे मराठी बरोबर का? आणि इस्लामी कायद्यात फतवा म्हणजे खरोखरच सक्तीचा हुकूम असतो का?

दुसऱ्याचे उत्तर आधी. नसतो. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकाराने, दिलेले मत. 'मुफ्ती' आणि 'फतवा' एकाच धातूचे. एक मुफ्ती एक सांगेल, दुसऱ्या पंथाचा मुफ्ती उलट सांगेल, आणि मानायचे की नाही हे विचारणाऱ्यावर. आमच्या बातमीदारांना मात्र कोणी डोळे वटारले की फतवा दिसतो.

निवाडा देतो तो काजी. त्याच्या निवाड्याला 'कजा' म्हणतात, म्हणून 'दारुल कजा', म्हणजे काजीचे न्यायपीठ. त्याच धातूवरून 'कजिया', म्हणजे निवाड्यासाठी आलेले प्रकरण, आणि तोच आपला कज्जा! कज्जेदलाल, कज्जेखोर ही सगळी काजीच्या ओट्यावरची मंडळी.

इथे काही शुद्धिवादी विद्वान मोडता घालतात. त्यांच्या मते कज्जा हा प्राकृत 'कज्ज'पासून, म्हणजे संस्कृत 'कार्य'पासून आला. कसा येईल? प्राकृतातले जोडाक्षर मराठीत येताना सुटते आणि आधीचा स्वर लांबतो: हत्थचा हात, कम्मचे काम. तसे कज्जचे 'काज' झाले, ते आपल्याकडे आहेच. एकाच बापाची दोन पोरे, एक नियमाने वाढलेले आणि एक तसेच राहिलेले, हे मानायला पुरावा लागतो. शिवाय गुजरातीत भांडणाला 'कजियो' म्हणतात. तो 'इया' काय कार्यातून आला? माझ्या मते कजिया, कज्या, कज्जा अशी ही उतरंड आहे. (कोकणी 'काजार' यात ओढू नये. ते पोर्तुगीज 'कझार', लग्न करणे.)

हा भेद केवळ कोशापुरता नाही. उत्तर प्रदेशातल्या एका बाईवर सासऱ्याने बलात्कार केला. तिने काहीच विचारले नव्हते. एका पत्रकाराने विचारले, आणि तिचा विवाह संपला असा फतवा आला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले की फतव्याला कायद्याचे बळ नाही, आणि ज्याच्या हक्कांशी संबंध आहे त्याने किंवा ज्याचा त्यात थेट हितसंबंध आहे त्याने विचारल्याशिवाय तो देऊच नये. म्हणजे न मागितलेला फतवा हा फतवाच नव्हे, हे कोर्टानेही मानले असे मी समजतो.

आपल्या गोव्यात तर 1937 चा शरियत कायदा लागूच नाही. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे 1870 पासून चालत आली. त्यामुळे फोंड्याच्या मुसलमान घरातली मुलगी वारसाहक्कात भावाइतकीच, शरियतीप्रमाणे त्याच्या निम्मी नव्हे. इथे विवाह नोंदवलेल्या मुसलमानाला दुसरी बायको करता येत नाही, तोंडी तलाकही चालत नाही. 'गोव्यात सर्वांना एकच कायदा' म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी मात्र 1880 चा हिंदूंच्या रूढींचा हुकूमनामा उघडावा. बायकोला पंचविशीपर्यंत मूल झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभा त्यात आहे. यावर कोणी कज्जा मांडत नाही!

हां, पंचायत राहिलीच. पंचायत 'आदेश' काढते, 'नोटीस' लावते, फार तर 'फर्मान' सोडते. कचरा कुठे टाकू असे तिला कोणी विचारले आणि तिने नुसते मत दिले, तर मथळ्यात खुशाल फतवा छापा.