लॉनवर कार्बेन्डाझिम लागू पडेना, डोस वाढवावा का?

प्रश्न (पादरा भागात लॉनचे गालिचे तयार करून वडोदऱ्यात विकणारे एक शेतकरी): बर्म्युडा लॉनवर रुपयाएवढे पांढुरके ठिपके पडतात. पूर्वी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारले की थांबायचे. यंदा तीन फवारण्या झाल्या तरी पसरतच आहेत. मध्ये एकदा दुकानदाराने थायोफेनेट मिथाइल दिले, त्यानेही फरक नाही. दिवाळीनंतर लग्नांच्या ऑर्डरी आहेत. डोस दुप्पट करू का?

उत्तर: दुप्पट करू नका, पैसे वाया जातील. थायोफेनेट मिथाइल झाडात गेल्यावर त्याचे कार्बेन्डाझिमच होते. म्हणजे पुडी बदलली, औषध तेच राहिले. या गटाची औषधे बुरशीच्या एकाच प्रथिनावर बसतात. तिथे एक बारीक बदल झाला की ती बुरशी पुरती निर्ढावते, मग डोस कितीही वाढवा. फवारणीत बाकीच्या मरतात आणि रान तिला मोकळे मिळते. तुमच्या वर्णनावरून हा डॉलर स्पॉट, म्हणजे लॉनवर नाण्याएवढे ठिपके पाडणारा बुरशीजन्य रोग वाटतो. त्याच्या बुरशीत हे अमेरिकेत 1970 च्या दशकातच दिसले होते. फवारणी बंद केली तरी असा प्रतिकार वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून 'एक हंगाम विश्रांती देऊ, मग पुन्हा मारू' या भरवशावर राहू नका.

पण आधी रोग तोच आहे ना, ते पाहा. सकाळी दव असताना वाफ्यात बसून पाते हातात घ्या. पात्यावर फिक्या रंगाचा, तांबूस कडेचा आडवा पट्टा आणि ठिपक्यावर कोळिष्टकासारखी पांढरी जाळी असेल तर डॉलर स्पॉट. पाती तेलकट, बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटत असतील तर तो पिथियम नावाचा वेगळा रोग. त्यावर कार्बेन्डाझिम कधीच चालत नव्हते, त्यात प्रतिकाराचा प्रश्नच नाही. तिथे मेटालॅक्झिल अधिक मॅन्कोझेब लागते आणि पाण्याचा निचरा सुधारावा लागतो.

डॉलर स्पॉट असेल तर प्रोपिकोनॅझोल किंवा टेब्युकोनॅझोल यांपैकी एक घ्या. दोन्ही ट्रायझोल या एकाच गटातली, म्हणून आलटून पालटून मारण्यात अर्थ नाही. पुढची फवारणी क्लोरोथॅलोनिल किंवा मॅन्कोझेबची. ही औषधे बुरशीवर अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे त्यांना प्रतिकार क्वचितच येतो. मात्र ती पात्यावरच राहतात, पावसाने धुपतात, म्हणून ठिपके दिसण्याआधी मारावीत. ट्रायझोलला प्रतिकार हळूहळू येतो: तीन आठवडे टिकणारी फवारणी दहा-बारा दिवसांत उतरू लागली की सावध व्हा. अर्धा डोस मारून काटकसर करणारे हा दिवस लवकर ओढवून घेतात. कडक उन्हात ट्रायझोल वारंवार मारले तर बर्म्युडाची वाढही खुंटते. अॅझॉक्सिस्ट्रोबिन दुकानात रामबाण म्हणून मिळते, पण डॉलर स्पॉटवर ते लंगडेच. मात्रा आणि वापराची मर्यादा लेबलवर असेल तीच पाळा.

औषधाइतकेच खताकडे बघा, कारण हा रोग उपाशी लॉनवर जास्त येतो. तुमच्या पत्रात फवारण्यांची यादी आहे, खताचा शब्दही नाही! गुंठ्याला अर्धा किलो युरिया पसरून लगेच पाणी द्या. पिथियम किंवा मोठे तपकिरी चट्टे असतील तर मात्र युरिया थांबवा, तो आगीत तेल ठरेल. पाणी संध्याकाळी नको, पहाटे द्या. दव दोर ओढून झाडा. कापणीचे यंत्र रोगट वाफ्यातून चांगल्या वाफ्यात न धुता नेऊ नका.

खात्रीसाठी नमुना आणंद कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. ठिपक्याच्या मधले मेलेले गवत नको. जिथे हिरवे आणि रोगट एकत्र आहे, त्या कडेचा तळहाताएवढा तुकडा मुळांसकट काढा आणि कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत तो सडतो. फवारणीच्या आधी काढा आणि सोबत या हंगामात काय काय मारले त्याची तारखेनिशी चिठ्ठी जोडा. ब्रँडचे नाव पुरेसे नाही, पुडीच्या पाठीवरचे घटकाचे नाव उतरवा.