'पूर्वी स्टार' मेडल डिस्चार्ज बुकात नाही, आता काय करायचं?

माजी सैनिकांचे प्रश्न
उत्तरं: एक निवृत्त सुभेदार (क्लार्क), कोल्हापूर

प्रश्न: माझे वडील 1967 साली पायदळात भरती झाले आणि 1984 साली हवालदार म्हणून पेन्शन आले. 1971च्या लढाईत ते पूर्वेकडं होते. तिथं डाव्या खांद्यात स्प्लिंटर घुसला आणि त्यांना मागं दवाखान्यात नेलं. ती खूण अजून आहे. पण त्यांच्या डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळणाऱ्या नोंदवहीत) मेडलच्या जागी सैन्य सेवा मेडल आणि संग्राम मेडल एवढीच दोन नावं आहेत. त्यांच्याच पलटणीतले एक काका शेजारच्या गावात राहतात, त्यांच्याकडं पूर्वी स्टार आहे. ते भेटले की विचारतात, "ह्याचा स्टार कुठं गेला?" वडील म्हणतात, "राहू दे, आता काय करायचंय." इतक्या वर्षांनी नोंद दुरुस्त होते का? ओळखीचे एक जण म्हणतात, पैसे द्या, मेडल आणून देतो. त्यांना पैसे द्यावेत का? (पलटणीचं नाव छापू नये.)
— एक मुलगी, गडहिंग्लज तालुका

उत्तर: ताई, त्या ओळखीच्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. नोंद दुरुस्त होते, आणि त्यासाठी अर्ज, झेरॉक्स आणि टपालखर्च सोडून काही लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गावोगाव इथंच घोळ होतो. वीर चक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं. त्यांच्यासाठी त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी शिफारस केलेली असावी लागते. आज पन्नास वर्षांनी कुणी नवी शिफारस लिहून देत नाही. पूर्वी स्टारचं तसं नाही. डिसेंबर 1971च्या लढाईत पूर्व आघाडीवर ठरलेल्या हद्दीत जो नोकरीवर होता, त्याचा तो हक्क. पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडल त्याहून मोठ्या घेरातल्या लोकांना मिळालं, आणि आघाडीवरच्या जवानाकडं स्टार आणि संग्राम दोन्ही असतात. म्हणजे तुम्ही कुणाकडं काही मागत नाही आहात. तुमचे वडील अमुक तारखांना अमुक ठिकाणी होते, हे कागदावर दाखवायचं आणि राहून गेलेली नोंद घालून घ्यायची, एवढंच काम आहे.

तुम्ही पाठवलेली डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स मी नीट पाहिली. माझ्या मते स्टारच नव्हे, आणखीही काही राहिलंय. 15 ऑगस्ट 1972 रोजी जो फौजेत होता त्याला स्वातंत्र्याच्या 25व्या वर्धापनदिनाचं मेडल आहे. तुमचे वडील त्या दिवशी नोकरीतच होते. चांगल्या वर्तणुकीनं नऊ वर्षं पुरी करणाऱ्याला नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल असतं. त्यांची सतरा वर्षं झालेली आहेत आणि चारित्र्याच्या रकान्यात शेरा उत्तम आहे. अर्जात ही दोन्हीही घाला. 1965चं रक्षा मेडल मात्र मागू नका. ते त्या वेळी नोकरीत असलेल्यांसाठी होतं, वडील दोन वर्षांनी भरती झाले. हक्काच्या चार गोष्टींत बिनहक्काची एक घुसली की तपासणाऱ्याचा बाकीच्यांवरचा विश्वास कमी होतो.

आता हे राहिलं कसं? मी फौजेत क्लार्क होतो, माझी बरीच नोकरी रेकॉर्डच्या टेबलावर गेली, म्हणून सांगू शकतो. जवानाच्या आयुष्यात जे काही घडतं, म्हणजे बढती, बदली, रजा, लग्न, मूल, जखम, मेडल, ते पलटण पार्ट टू ऑर्डर काढून छापते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदपत्रकावर, चढते. पार्ट टू ऑर्डर निघाली नाही तर शीट रोल कोरा. शीट रोल कोरा, तर डिस्चार्ज बुकही कोरं, कारण पेन्शन जाताना बुक भरणारा शीट रोल समोर ठेवूनच भरतो. लढाईची मेडलं लढाई संपल्यावर जाहीर होतात. मग पलटण हजर लोकांची नावनिशी यादी करते. तुमचे वडील तेव्हा कुठं होते? जखमी होऊन दवाखान्यात. असा जखमी माणूस पलटणीच्या हजेरीतून निघून वाय लिस्टवर, म्हणजे दवाखान्यातल्यांच्या वेगळ्या यादीवर, जातो, बरा झाला की रेजिमेंटल सेंटर, मग कधी जुनी पलटण, कधी दुसरीच नेमणूक. जुन्या ठिकाणचा क्लार्क समजतो, नवीन ठिकाणचे लोक ऑर्डर काढतील. नवीन ठिकाणचा समजतो, जुन्यांनी काढली असेल. माझ्या अंदाजानं तुमच्या वडिलांचं हेच झालंय. ज्यानं रक्त सांडलं त्याचंच नाव यादीतून निसटावं, याचं मला आजही फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे पूर्ण करा असं आग्रहानं सांगतो.

पुरावा कुठून आणायचा? पलटण तिथं होती हे सिद्ध करणं सोपं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीला जमालपूरचा बॅटल ऑनर, म्हणजे त्या लढाईच्या नावाचा मान, आहे. दुसरी पॅरा, म्हणजे छत्रीधारी पलटण, 11 डिसेंबर 1971ला टांगाईलला उतरली. हे सगळ्यांना माहीत आहे. पण पलटण तिथं होती म्हणजे तुमचे वडील तिथं होते, असं रेकॉर्ड मानत नाही. कुणी रजेवर असतो, कुणी कोर्सला, कुणी मागच्या छावणीत सामान राखत बसलेला. म्हणून माणसाची स्वतःची तारीख लागते. ती तुमच्याकडं आहे. तुम्ही पाठवलेली दवाखान्याची चिठ्ठी पिवळी पडलीय, घडीवर फाटलीय, पण वरच्या कोपऱ्यात आर्मी नंबर वाचता येतो, खाली दाखल झाल्याची डिसेंबर 1971ची तारीख आहे, आणि निदानापुढं इंग्रजीत स्प्लिंटरची जखम, डावा खांदा असं लिहिलंय. फौजेच्या दवाखान्याचा गोल शिक्का अर्धाच उठलाय, तरी दिसतो. हा कागद सोन्यासारखा आहे. तो प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. साध्या फाइलीत, उन्हापासून लांब ठेवा, आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नका, कार्यालयालासुद्धा नाही. आणखी एक शोधा. जवान जखमी झाला की घरी तार यायची. आजीच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, जुन्या शेतसाऱ्याच्या पावत्यांत ती तार सापडली तर तिचीही झेरॉक्स लावा. आणि त्या शेजारगावच्या काकांकडून एका पानाचा जबाब घ्या: त्यांचा नंबर, हुद्दा, कंपनी, आणि दोघं कधी, कुठं सोबत होते. तो एकटा पुरेसा नसतो, पण चिठ्ठीला जोड म्हणून चांगला.

अर्ज वडिलांच्या सहीनं जाऊ द्या. तुम्ही लिहा, सही त्यांची. हयात माणसाचा स्वतःचा अर्ज आणि त्याच्या माघारी वारसानं केलेला अर्ज यात कागदांचा फार फरक पडतो. अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या ऑफिसर इन चार्जच्या नावे करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं (फौजेतले इंजिनिअर) पुण्यात खडकीला. तुमच्या वडिलांचं कुठलं ते डिस्चार्ज बुकावरच्या शिक्क्यात आहे. अर्जात एवढं लिहा: आर्मी नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकात आहे तसंच नाव, भरतीची आणि पेन्शनची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, 1971मधली कंपनी. नावाबद्दल मुद्दाम सांगतो: आधारवर बाळासाहेब आणि बुकात बाळू असेल, तर अर्जात बाळूच लिहा. आधारचं नाव लिहिलं की नोंद जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो.

मागणी दोन टप्प्यांत करा. पहिली, शीट रोल आणि दवाखान्याचे कागद तपासून हक्क ठरवावा आणि पार्ट टू ऑर्डर काढावी. दुसरी, त्याप्रमाणं डिस्चार्ज बुकात नोंद करून मेडल द्यावं. लोक थेट "मेडल द्या" म्हणतात आणि तिथंच अडकतात. नोंद झाली की मेडल त्यामागून येतं. धातूचं मेडल हातात यायला वेळ लागला तरी नोंद झालेली असते, ती कुणी काढून घेत नाही. बुकात स्वतःच्या हातानं काही लिहू नका, पेन्सिलनंही नाही. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसच्या सही-शिक्क्यानंच होते.

अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टानं सरळ रेकॉर्डला. पावती जपा. दोन-तीन महिन्यांत काहीच कळलं नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली वडिलांच्याच नावानं शीट रोलची प्रत मागा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शीट रोल हातात आला की कुठली ओळ कोरी आहे ते तुम्हालाच दिसेल, आणि पुढचं पत्र त्या ओळीवर बोट ठेवून लिहिता येईल. त्यावरही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे. पण दवाखान्याचा असा कागद असताना तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

जखमेचा विषय वेगळा काढा. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याला पराक्रम पदक असतं, त्यालाच वूंड मेडल म्हणतात. इथं एक शब्द निर्णायक आहे: रेकॉर्डमध्ये त्यांची नोंद बॅटल कॅज्युअल्टी अशी आहे, की नुसती फिजिकल कॅज्युअल्टी? गाडी उलटून खांदा मोडला तर ती दुसरी. तोफगोळ्याचा स्प्लिंटर ही पहिली. म्हणून या पदकासाठी स्वतंत्र अर्ज करा आणि त्यात पलटणीनं तेव्हा पाठवलेला कॅज्युअल्टी सिग्नल (जखमी झाल्याची खबर) तपासावा असं स्पष्ट लिहा. त्या जखमेमुळं नंतर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली आली असेल, तर पेन्शनचाही प्रश्न उभा राहतो. त्याचे कागद मला पाठवा, पुढच्या अंकात सविस्तर लिहितो. मेडलनं पेन्शन वाढत नाही, हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सेवापदकाला पैसे नसतात.

बाजारात मिळणारं मेडल घेऊ नका. कॅन्टोन्मेंटच्या दुकानांत स्टार टांगलेले असतात, दिसायलाही सारखेच. पण सरकारनं दिलेल्या मेडलवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. काकांचा स्टार एकदा हातात घेऊन उलटा करून पाहा, म्हणजे कळेल. खरं मेडल हरवलेला माणूस छातीवर लावायला तसं विकत घेतो, त्यात वावगं काही नाही. ज्याची नोंदच नाही त्यानं ते लावणं म्हणजे हक्काचं असून चोरल्यासारखं होतं. तुमच्या वडिलांवर ती वेळ का यावी?

आता वडिलांच्या "राहू दे"बद्दल. माझ्याकडं येणारे बहुतेक म्हातारे हेच म्हणतात. त्यांच्या मनात असतं, की बरोबरची पोरं तिथंच राहिली, आपण परत आलो, आता आणखी काय मागायचं. या भावनेपुढं मी हात जोडतो. पण त्यांना माझा निरोप सांगा: हवालदारसाहेब, तुमच्या सेक्शनमधला जो परत आला नाही, त्याच्यासोबत त्या दिवशी कोण होतं, हे तुमच्या शीट रोलवर लिहिलेलं असायला पाहिजे. तिथं जागा कोरी राहिली तर त्याच्या शेवटच्या दिवसाचा एक साक्षीदार कागदावरून गेला. सही करा.

प्रश्न: माझे वडील बॉम्बे सॅपर्समध्ये सात वर्षं होते, 1974 साली घरी आले. पेन्शन नव्हती. ते आता नाहीत. त्यांची मेडलं पुरात गेली. रेकॉर्डकडून तोंडी कळलं की कागद नष्ट झालेत. आता काहीच करता येणार नाही का?
— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर: दादा, तुम्हाला मिळालेलं उत्तर खरं असू शकतं. बिनपेन्शनी जवानांचे सर्व्हिसचे कागद 25 वर्षं ठेवून नष्ट करायचा फौजेचा नियम आहे. पेन्शनरांचे त्याहून जास्त काळ राहतात. पण शीट रोल गेला तरी लाँग रोल राहतो. ते मोठं रजिस्टर असतं, त्यात प्रत्येक जवानाची एक ओळ असते: नंबर, नाव, गाव, भरती, डिस्चार्ज. तुमच्या आईंच्या नावानं, आई नसतील तर तुमच्या नावानं, खडकीला लेखी अर्ज करून लाँग रोलचा उतारा मागा. नातं दाखवायला मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद जोडा. तोंडी उत्तरावर थांबू नका. कागद नष्ट झाले असतील तर तेही लेखी मिळालं पाहिजे.

त्यानंतर सगळा भार डिस्चार्ज बुकावर येतो. ते पुरातून वाचलं असेल, तर मेडलच्या रकान्याचा स्वच्छ फोटो काढून मला पाठवा. पानं चिकटली असतील तर ओढून सुटी करू नका. पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळू द्या, मग पातळ सुरीच्या पाठीनं एकेक पान सोडवा. शाई उडाली असली तरी दाबून लिहिलेली अक्षरं तिरक्या उजेडात वाचता येतात. पुराच्या वेळी घराचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रतही जोडा, मेडलं हरवल्याचं कारण त्यातून दाखवता येतं.