ग्रीन नदीतली जाळी आणि आपला गळ : अर्जावर सही करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलजवळच्या रेंटनला राहायला आल्यावर तुम्ही मासेमारीचं लायसन्स काढलंत, सप्टेंबरात ग्रीन नदीवर कोहो जातीच्या सॅमनसाठी गळ टाकायला गेलात आणि समोर म्युकलशूट ट्राइबची, म्हणजे इथल्या एका मूळनिवासी जमातीची, जाळी लागलेली दिसली. तुम्हाला संख्येची मर्यादा, हुकाचे नियम, अमुक मासा ठेवायचा, तमुक सोडायचा; आणि तिकडे होडीत जाळ्यातून मासे पडताहेत. हे कुठल्या न्यायात बसतं, वंशावरून दोन कायदे कसे, जाळ्यांमुळेच मासा संपतोय का, आणि मित्राने पाठवलेल्या 'नद्यांमधली ट्रायबल जाळी बंद करा' या अर्जावर सही करावी का, असं तुम्ही विचारलंय.

सही करू नका. मीही हौशीच आहे, बरीच वर्षं याच नद्यांवर उभा राहतोय, रिकाम्या हाताने परतण्याची चुटपुट मलाही ठाऊक आहे. तरी हेच सांगेन.

सुरुवात १८५४ पासून करावी लागते. वॉशिंग्टन तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती, म्हणजे राज्याचा दर्जा न मिळालेला केंद्राचा प्रदेश. गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सने २६ डिसेंबर १८५४ ला मेडिसिन क्रीकचा करार केला, २२ जानेवारी १८५५ ला मकिल्टिओ इथे पॉइंट एलियटचा, आणि त्यापाठोपाठ आणखी. घाई इतकी, की बोलणी चिनूक जार्गनमध्ये उरकली. ही काही शे शब्दांची बाजारबोली. कातडी, घोंगड्या आणि मासे यांची देवघेव तिच्यात भागायची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीचा व्यवहार तिच्यात कसा समजावला असेल याची कल्पनाच करवत नाही. स्टीव्हन्सच्या या करारांतून कोट्यवधी एकर जमीन अमेरिकेकडे गेली. जमातींनी एक गोष्ट मात्र सोडली नाही आणि ती करारात लिहून घेतली: आपल्या नेहमीच्या, वहिवाटीच्या सगळ्या जागी मासे धरण्याचा हक्क, टेरिटरीतल्या नागरिकांसह सामाईक. म्युकलशूटांचे पूर्वज या दोन्ही करारांत होते आणि ग्रीन नदी ही त्यांची वहिवाट आहे.

बहुतेक गळवाल्यांची गफलत इथेच होते. सरकारने ट्राइबला काहीतरी सवलत दिली आहे असं ते धरून चालतात. आपल्याकडे शेत विकताना एखादा शेतकरी खरेदीखतात विहिरीच्या पाण्याचा हक्क राखून ठेवतो. पुढे ते शेत चार हात फिरलं तरी नवा मालक त्याला विहिरीवर अडवू शकत नाही, कारण ते पाणी विकलेलंच नव्हतं. १९०५ साली विनन्स खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हाच न्याय लावला. कोलंबिया नदीवर मासे उपसणारी मोठाली चाकं लावणाऱ्या मालकांनी याकामा लोकांची नदीकडे जायची वाट अडवली होती. कोर्ट म्हणालं, करार म्हणजे जमातींना मिळालेले हक्क नव्हेत. तो जमातींनी दिलेल्या हक्कांचा कागद आहे, आणि जे दिलं नाही ते त्यांच्याकडेच राहिलं.

वंशाच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. हा हक्क करार करणाऱ्या जमातीचा, म्हणजे एका शासनाचा आहे, रक्ताचा नाही. तुमच्या जवळच्या स्नोक्वाल्मी आणि डुवामिश लोकांचं पाहा. वंशाने ते इथलेच मूळनिवासी, पण १९७९ साली कोर्टाने त्यांना करारातला मासेमारीचा हक्क नाकारला. त्यांना तो आजही नाही. (हे मला पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

कागदावर हक्क होता, नदीवर मात्र पोलीस होते. निस्क्वाली नदीवर बिली फ्रँक ज्युनिअर यांना १९४५ साली पहिली अटक झाली तेव्हा ते १४ वर्षांचे होते. पुढे पन्नासहून जास्त वेळा झाली. होड्या आणि जाळी जप्त व्हायची, ती वेगळीच. साठच्या दशकात या लोकांनी मुद्दाम उघडपणे जाळी टाकून अटक करवून घ्यायला सुरुवात केली, सविनय कायदेभंगच तो. ९ सप्टेंबर १९७० ला प्युआलप नदीकाठच्या त्यांच्या तळावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, बायामाणसांना धरून नेलं. स्टॅन पिटकिन हे केंद्राचे सरकारी वकील तिथे होते, त्यांनाही त्या धुराचा प्रसाद मिळाला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने वॉशिंग्टन राज्यावर खटला भरला.

निकाल लागला १२ फेब्रुवारी १९७४ ला. न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट हे काही चळवळीतले गृहस्थ नव्हते. आयझेनहॉवरने नेमलेले, जुन्या वळणाचे. करारातल्या 'सामाईक'चा अर्थ त्यांनी लावला: धरता येण्याजोग्या माशांचा अर्धा वाटा ट्राइबचा, अर्धा बाकीच्यांचा, आणि व्यवस्थापनात दोघं बरोबरीचे. राज्यात आग लागली. बोल्टचे पुतळे फासावर लटकवले गेले, गाड्यांवर त्यांच्याविरुद्ध स्टिकर आले, रात्रीची बेकायदा मासेमारी फोफावली आणि राज्याच्या यंत्रणेने तिच्याकडे काणाडोळा केला. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने अर्ध्या वाट्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा कुठे हे निवळायला लागलं.

आता अर्धं म्हणजे कशाचं अर्धं, हे नीट समजून घ्या, कारण नदीकाठच्या गप्पांत हेच सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं. आधी अंडी घालायला वर जाऊ द्यायच्या माशांचा आकडा ठरतो. तो बाजूला काढल्यावर उरतात ते धरता येण्याजोगे, आणि वाटणी फक्त त्यांची. उरले शून्य, तर दोघांनाही शून्य. बिगर-ट्राइबच्या अर्ध्यात धंदेवाले आणि आपण हौशी दोघंही आलो, आणि त्या अर्ध्याची आपसातली वाटणी राज्य ठरवतं. ट्राइबचा त्यात हात नाही.

आपल्या बाजूचा मासा मोठ्या प्रमाणावर समुद्रात आणि प्युजेट साउंड या सिॲटललगतच्या खाडीत, असंख्य होड्यांवरून एकेक करून धरला जातो. तो कुणाच्या नजरेत भरत नाही. ट्राइबचा वाटा बराचसा नदीच्या तोंडाशी आणि नदीत, आपल्या डोळ्यांसमोर निघतो. त्यामुळे काठावर उभं राहून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं यांनीच नेलं.

ते जाळंही एकदा जवळून पाहा. काठाला बांधलेली दोरी, पाण्यावर बुचांची ओळ, खाली उभा पडदा. एखादं बूच दचकून बुडालं की मासा लागला. मग होडीतून जाळं वर घ्यायचं आणि कल्ल्यात रुतलेला धागा गारठलेल्या बोटांनी सोडवायचा. मध्येच वाहून आलेली फांदी अडकते आणि जाळं फाटतं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांपुरतंच ते पाण्यात असतं, नंतर काढतात आणि मासा वर सरकतो. निघालेला मासा मोजला जातो. जाळ्याला हॅचरीचा (पिल्लं वाढवून सोडणाऱ्या केंद्रातला) मासा आणि नैसर्गिक मासा यांत फरक करता येत नाही, ही त्याची खरी मर्यादा आहे. आपण पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर हॅचरीत कापलेला आहे का ते बघून, पर शाबूत असेल तर मासा सोडतो. पण सोडलेल्यांपैकीही काही मरतात, आणि तेही हिशेबात धरले जातात.

ग्रीनवर तुम्ही धरलेला कोहो म्युकलशूटांनीच वाढवलेलाही असू शकतो. ऑबर्नजवळ केटा क्रीकवर त्यांची हॅचरी आहे. तिथला मासा परत येतो तेव्हा तो त्यांच्या जाळ्यात जितका लागतो तितकाच आपल्या गळालाही लागू शकतो.

हौशी लोकांची तक्रार सगळीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. स्कोकोमिश नदीचं उदाहरण घ्या. नदीचं सगळं पात्र रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे ट्राइबच्या राखीव जमिनीत, येतं असं मत केंद्राच्या इंटीरियर खात्याच्या (ट्राइब्जचा आणि सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या) वकिलाने २०१६ च्या सुरुवातीला दिलं, आणि राज्याने तिथली हौशी सॅमन मासेमारी बंद केली. तिथली हॅचरी राज्याच्या पैशाने चालते आणि लोकांना काठावर उभंही राहता येत नाही, याचा राग मी समजू शकतो. त्याच वर्षी हंगाम ठरवण्याची राज्य आणि ट्राइबची बोलणी वेळेत पुरी झाली नाहीत आणि प्युजेट साउंडमध्ये आपली मासेमारी काही आठवडे ठप्प झाली. दर वसंतात 'नॉर्थ ऑफ फाल्कन' नावाने ही बोलणी होतात. सार्वजनिक सभा असतात, पण शेवटचा सौदा दोन शासनांमध्ये बंद दाराआड होतो. तिथे जास्त उजेड हवा, असं माझं ठाम मत आहे. मात्र ती मागणी राज्याकडे करायची, जाळं ओढणाऱ्या माणसाकडे नाही.

मग मासा गेला कुठे? तुम्ही रेंटनला राहता, तर तुमच्याच गावचं सांगतो. तिथून ब्लॅक रिव्हर नावाची नदी वाहायची, लेक वॉशिंग्टन या तळ्याचं पाणी डुवामिश नदीला, म्हणजे ग्रीनच्याच खालच्या पात्राला, घेऊन जायची. १९१६ साली सिॲटलचा जहाजांचा कालवा झाला, तळ्याची पातळी सुमारे ९ फूट उतरली आणि ती नदी आटली. सीडर नदी तळ्याकडे वळवली गेली. व्हाइट रिव्हर तर १९०६ च्या पुरातच प्युआलपकडे गेली होती. म्हणजे तुम्ही जिच्या काठी उभे होतात ती ग्रीन-डुवामिश, आपल्या मूळ पाण्यातलं बरंचसं गमावून बसलेली नदी आहे. वरच्या अंगाला हॉवर्ड हॅन्सन धरण, त्याच्यापलीकडच्या चांगल्या पाण्यात सॅमनला आपल्या बळावर जाता येत नाही. खालच्या अंगाला गोदामं आणि बांध. यातलं काहीही जाळ्यांनी केलेलं नाही. प्युजेट साउंडचा चिनूक जातीचा सॅमन १९९९ साली धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला, तो या सगळ्याच्या शेवटी.

हे दुरुस्त करायला कोर्टात कोण गेलं? २००१ मध्ये २१ ट्राइब्ज रस्त्यांखालच्या मोऱ्यांसाठी गेल्या. मोरीतून पाणी फार जोराने येतं किंवा पलीकडे धबधब्यासारखं पडतं, मासा वर चढू शकत नाही, आणि वरचे मैलोन्‌मैल ओढे वाया जातात. करारातला हक्क म्हणजे रिकामी नदी नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१३ मध्ये हुकूम झाला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी होऊन तो कायम राहिला, आणि राज्याला २०३० पर्यंत शेकडो मोऱ्या बदलणं भाग पडलं. आपल्या कुठल्याही हौशी संघटनेला हे कधी जमलं नसतं, कारण आपल्या हातात करार नाही. तसंच टायरचं. पहिला मोठा पाऊस पडला की शहरी ओढ्यांत कोहो अंडी घालण्याआधीच तडफडून का मरतात, याचं उत्तर २०२० च्या शेवटी मिळालं: टायरच्या रबरातल्या ६पीपीडी या रसायनापासून तयार होणारं विष. त्यावर कारवाईसाठी २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेकडे गेल्या त्या युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि प्युआलप या ट्राइब्ज.

एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली गेली. तिथे लोअर एल्व्हा क्लॅलम लोकांनी आपल्या हक्काची मासेमारी स्वतःहून बंद ठेवली आणि २०२३ मध्ये कोहोच्या थोड्याशा धार्मिक आणि घरगुती मासेमारीने पुन्हा सुरू केली. हक्क असून इतकी वर्षं जाळं कोरडं ठेवणाऱ्यांना मासा संपवणारे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

नदीवरचं वागणं सांगतो. जाळ्याच्या वरच्या-खालच्या बाजूला भरपूर अंतर सोडा. हुक जाळ्यात अडकला तर दोरा आपला तोडा, जाळ्याला हात लावू नका. जाळं कापणं हा गुन्हा आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, या लोकांनी कॅमेऱ्यांचा आणि शिव्यांचा खूप त्रास भोगलाय. साधं 'कसा आहे हंगाम' विचारलंत तर बहुतेक जण मनापासून बोलतात, आणि मासा कुठवर वर चढलाय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. निघण्याआधी राज्याच्या मत्स्यखात्याचे तातडीचे नियम तपासा, ते आठवड्यात बदलतात. ठेवलेला मासा लायसन्ससोबतच्या कॅच रेकॉर्ड कार्डावर जागीच नोंदवा. आणि गळाला काही लागलं नाही, तर रस्त्याकडेला किंवा धक्क्यावर विकणाऱ्या ट्रायबल मच्छीमाराकडून घ्या, पावती मागून. तुकड्या करून हळद-तिखट लावून तळलेला ताजा चिनूक सुरमईच्या तोडीचा लागतो.

राहिला अर्ज. असा प्रयोग होऊन गेलाय. १९८४ साली ४५६ क्रमांकाच्या इनिशिएटिव्हला (लोकांच्या सह्यांवरून मतदानाला आलेल्या कायद्याच्या प्रस्तावाला) वॉशिंग्टनच्या मतदारांनी बहुमत दिलं. ट्राइब्जचे खास हक्क मोडीत काढावेत असा त्याचा रोख होता. प्रत्यक्षात काडीचा फरक पडला नाही, कारण केंद्राने केलेल्या कराराच्या वर राज्याचा कायदा जात नाही. तुमच्या सहीचंही तेच होईल, वर म्युकलशूट शेजाऱ्यांशी कायमचा वाकडेपणा. त्यापेक्षा तुमच्या भागातल्या आमदारांना मोऱ्यांच्या निधीबद्दल लिहा, आणि मार्चमध्ये नॉर्थ ऑफ फाल्कनच्या सभांच्या तारखा लागल्या की एकीला या. मी दरवर्षी जातो. अर्ज पाठवणाऱ्या मित्रालाही घेऊन या.